काडतुसातील बिघाड (पिस्तूल नेमबाजी)

पिस्तुलाचा चाप ओढल्यावर काडतुसातील दोषामुळे बार न उडणे, उशिरा उडणे किंवा अर्धवट उडणे, या प्रकारांना काडतुसातील बिघाड म्हणता येईल. अनुक्रमे मिसफायर, हँगफायर आणि स्क्विब हे त्याचे मुख्य प्रकार असून रेंजवरही, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरही, हीच नावे रूढ आहेत. मराठीतला ‘फुसका बार’ तिन्हींना लागू पडेल. मात्र तिन्हींचा धोका सारखा नाही, आणि अगदीच न उडालेल्या बारापेक्षा किंचितसा उडालेला बार अधिक घातक ठरू शकतो.

नेमबाजीच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत प्रामुख्याने ५.६ मिमी व्यासाचे, म्हणजे .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच अंतरावर. पितळी पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, अशी याची रचना असते. दारू पेटवणारे मिश्रण पुंगळीच्या तळाशी दुमडलेल्या कडेत असते, म्हणून याला रिमफायर म्हणतात. हे मिश्रण ओले असताना पुंगळी गरागरा फिरवून कडेत पसरवले जाते. एखाद्या जागी ते कमी पडले आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी खीळ, नेमकी तिथेच आपटली, तर बार उडत नाही. तळाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असलेल्या सेंटरफायर काडतुसात हा दोष त्यामानाने कमी आढळतो.

पिस्तूल नेहमी भरलेलेच आहे असे समजावे, नळीचे तोंड टार्गेटच्या दिशेलाच ठेवावे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाला लावू नये, हे नियम पहिल्या दिवशी शिकवले जातात. पण त्यांची खरी कसोटी बिघाडाच्या क्षणी लागते. ‘काय झाले’ म्हणून पिस्तूल स्वतःकडे वळवून पाहणे ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे, आणि तीच मोडावी लागते. चाप ओढल्यावर नुसतीच ‘टिक’ ऐकू आली, तर तो मिसफायर आहे की हँगफायर, म्हणजे आत अजून ठिणगी धुमसते आहे, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. आजच्या कारखानी काडतुसांत हा विलंब झालाच तर बहुधा सेकंदाच्या अंशाएवढा असतो. तरीही नळी टार्गेटकडे रोखून किमान ३० सेकंद थांबण्याची पद्धत आहे, काही रेंजवर पूर्ण १ मिनिट. घाईने बाहेर काढलेले काडतूस उघड्यावर फुटले, तर पुंगळीच्या चिंधड्या होऊन पितळेचे तुकडे डोळ्यांकडे उडू शकतात. संरक्षक चष्मा त्यासाठीही असतो. थांबून झाल्यावर बाहेर काढलेल्या काडतुसाची कडा निरखावी. पिनचा ठसा खोल उमटला असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. ठसा उथळ असेल तर पिस्तुलाची स्प्रिंग सैल पडल्याचा किंवा आत मळ साचल्याचा संशय घ्यावा.

स्क्विबमध्ये दारू मुळातच नसते, अपुरी असते किंवा नीट पेटत नाही, आणि गोळी जेमतेम नळीत शिरून तिथेच अडकते. धडाक्याऐवजी ‘फुस्स’ असा आवाज येतो, हाताला धक्का जवळजवळ बसत नाही आणि कागदावर नवे भोक दिसत नाही. कानांवर मफ असताना आवाजातला फरक पुसट होतो, त्यामुळे अनुभवी नेमबाज कानापेक्षा मनगटावर अधिक विसंबतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात अशा वेळी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुरती मागे येत नाही, पुढचे काडतूस आपोआप चढत नाही, आणि नेमबाज तिथेच अडतो. ही अडचण खरे तर त्याच्या पथ्यावर पडते, फक्त त्याने स्लाइड हाताने ओढून पुढची गोळी झाडता कामा नये. रिव्हॉल्व्हरमध्ये तेवढाही अडसर नसतो, कारण चाप ओढला की पुढचे काडतूस नळीसमोर हजरच होते. अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी आली की दाब वाढून नळीवर कड्यासारखा फुगवटा येतो, क्वचित नळी फाटतेही. म्हणून बार जरा जरी वेगळा वाटला, तरी मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढून, स्लाइड मागे अडकवून आणि चेंबर (नळीमागची काडतुसाची खोबण) रिकामे झाल्याची खात्री करून नळी मागच्या बाजूने किंवा सळई घालून तपासतात. तोंडाच्या बाजूने कधीच डोकावत नाहीत.

पिस्तुलाला जास्त पाजलेले तेल काडतुसात झिरपले तर मिश्रण निकामी होऊ शकते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघड्या ठेवलेल्या पुंगळ्या कळकतात. हिरवट डाग पडलेली किंवा गोळी सैल झालेली काडतुसे बाजूलाच ठेवावीत.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनी या सावधगिरीला गुणांची जोड दिली आहे. वेगवान फेरीत टार्गेट अवघे ३ सेकंद समोर असते, तेव्हा अडलेले पिस्तूल झटकून पुढे मारण्याचा मोह मोठा असतो. मात्र नळी टार्गेटकडे ठेवून, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलावल्यास आणि बिघाड ग्राह्य ठरल्यास, त्या प्रकाराच्या नियमानुसार मालिका (सलग झाडायच्या गोळ्यांचा संच) पूर्ण करण्याची किंवा पुन्हा मारण्याची संधी मिळते. न उडालेले काडतूस आणि नळीत अडकलेली गोळी हे दोन्ही ग्राह्य बिघाडांत मोडतात. तपासणीपूर्वी नेमबाजाने स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लावला, तर तोच बिघाड अग्राह्य ठरतो.