दयाळाची पट्टी आणि पलासियाचा गोंगाट

इंदूरच्या पलासिया चौराह्यावर संध्याकाळी फोन आला, की माणूस न ठरवता ओरडून बोलू लागतो. पलीकडच्याला व्यवस्थित ऐकू जात असतं. आपलाच आवाज आपल्या कानांपर्यंत पोचत नसतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी ही सवय १९११ मध्ये नोंदवली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. पक्ष्यांचंही असंच होतं. बर्लिनमधल्या नाइटिंगेल पक्ष्यांचा आवाज हेन्रिक ब्रुम यांनी मोजला (२००४), तेव्हा गजबजाटातले नर शांत जागच्या नरांपेक्षा १४ डेसिबलपर्यंत चढ्या आवाजात गाताना आढळले. डेसिबलचं गणित फसवं असतं. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, तेव्हा १४ म्हणजे जवळपास पंचवीसपट. शनिवार-रविवारी सकाळी रस्ते मोकळे असले, की त्यांचा आवाज उतरायचा.

पण नुसता आवाज चढवून भागत नाही. ट्रक, बस, बुलेट यांच्या घरघरीतली बहुतेक ऊर्जा २ किलोहर्ट्झच्या खाली, खर्जाच्या बाजूला असते. त्यामुळे खालच्या पट्टीत गाणारे आधी बुडतात. रामबागेच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये दयाळ पाण्याच्या टाकीवर बसतो, शेपटी उभारतो आणि शिट्ट्यांच्या लडी सोडतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्याची नक्कलही करतो. या शिट्ट्या घरघरीवर तरंगतात. शिंपी पक्षी चिमणीपेक्षा लहान, पण त्याचं खणखणीत ‘टुविट-टुविट’ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळतं. भारद्वाजाचं काय? त्याचा ‘हूप-हूप’ इतका खोल, की तो झुडपात समोर दिसत असतो, छाती हलत असते, आणि रस्त्यावरून टेम्पो गेला की हूप गायब. खर्जात रमणारे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब, आणि त्यांच्याच गावात खर्जाची ही गत व्हावी!

काही पक्षी यावर पट्टी बदलतात. हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांनी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्ष्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. गोंगाटाच्या भागातले नर खालचे सूर टाळून वरच्या सुरांत गात होते. २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि या विषयाला जोर चढला. ‘पक्षी हुशार आहेत, निभावून नेतात’ असाही एक सूर तेव्हापासून लागला. मला तो पटत नाही. कारण पुढे त्याच देशात वौटर हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांना दिसलं, की अंडी घालायच्या दिवसांत नराचं खालच्या सुरातलं गाणं मादीला बांधून ठेवण्यात महत्त्वाचं असतं. घरट्याच्या पेटीत रहदारीसारखा आवाज सोडला, तर तिला नेमकं तेच गाणं ऐकू येत नाही. म्हणजे खाली गावं तर पोचत नाही, वर गावं तर मोहिनी कमी. गाणारा निभावतो, ऐकणारीचं काय, हे कोणी विचारत नाही.

वेळ बदलणं हा आणखी एक मार्ग. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात रॉबिन पक्षी रात्री गातात. दिवे हे त्याचं कारण असेल असा सगळ्यांचा समज होता. २००७ मधल्या अभ्यासात दिवसाचा गोंगाट हे जास्त ठळक कारण निघालं.

सगळ्यात बोचरं उदाहरण मात्र गाण्याचं नाही, भुकेचं आहे. ब्रिस्टलच्या खाडीतल्या लंडी बेटावर एका गोठ्यात चिमण्यांची घरटी होती आणि शेजारी विजेचे जनरेटर धडधडत होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आवाजातल्या चिमण्या पिलांना कमी वेळा भरवत होत्या आणि पिलांचं वजन कमी भरत होतं. पिल्लू चिवचिवून भूक सांगतं. ती चिवचिव जनरेटरखाली दबली, तर आईला कळणार कसं? आपल्याकडच्या मॅरिज गार्डनांचे जनरेटर ऐन लग्नसराईत, म्हणजे चिमण्यांच्या विणीच्याही दिवसांत चालतात.

आवाज थांबला तर? २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोमधली वर्दळ १९५० च्या दशकाइतकी खाली गेली. एलिझाबेथ डेरीबेरी यांच्या गटाला दिसलं, की तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्या पूर्वीपेक्षा हळू गात होत्या, तरी त्यांचं गाणं दुप्पट लांब पोचत होतं. प्लास्टिक किंवा शिसं शतकभर मागे उरतं. हॉर्न बंद केला की त्या क्षणी संपतो.

आवाज अडवायला झाडांच्या एका रांगेवर फार विसंबू नये. पानं उंच सुरांचा आवाज थोडा अडवतात, इंजिनाचा खर्ज आरपार निघून जातो. सिरपूर तलावाशेजारी धार रोडवरून जाणाऱ्या ट्रकांना हे लागू आहे.

कायदा मात्र नकळत पक्ष्यांच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि त्या वेळी रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. मे महिन्यात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि दयाळ त्याआधीच गायला बसतो. म्हणजे त्याची मैफल कायद्याच्या भाषेत रात्रीच चालते, आणि त्या वेळी प्रेशर हॉर्न वाजवत जाणारी बस तिला नियमानुसारच व्यत्यय ठरते.