आठ नॅनोमीटरचं पाऊल

पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा चेतातंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र तयार होतात कण्याजवळच्या टोकाला. पाण्यात शाई पसरते तशी ती आपोआप पसरत गेली, तर पलीकडे पोहोचायला हजारावर वर्षं लागतील. प्रत्यक्षात मालाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या काही दिवसांत पोहोचतात, कारण त्यांना हमाल आहेत. त्यातला एक म्हणजे कायनेसिन हा रेणू. १९८५ साली तो माकूळ या सागरी जिवाच्या चेतातंतूत सापडला.

कायनेसिन चालतो, अगदी दोन पायांवर. पण एका रेणूचं पाऊल मोजायचं कसं? इथे भौतिकशास्त्र मदतीला आलं. आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ साली लेझरच्या एकाच झोतात सूक्ष्म कण पकडून दाखवला. पुढे त्यांनी जिवाणू पकडले, तेव्हा हिरव्या प्रकाशात ते मरू लागले. अवरक्त लेझर लावल्यावर मात्र ते झोतात अडकलेल्या अवस्थेतही विभागून वाढले! या प्रकाशचिमट्यासाठी २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं, वयाच्या ९६व्या वर्षी.

१९९३ साली स्टीव्हन ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी कायनेसिनला काचेसारखा एक मणी चिकटवला आणि तो मणी चिमट्यात धरला. मणी सरकला, थांबला, पुन्हा सरकला. प्रत्येक वेळी ८ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ज्या सूक्ष्मनलिकेवरून हा रेणू चालतो, तिच्या विटाही नेमक्या ८ नॅनोमीटरच्या! मणी झोताच्या मध्यापासून जितका दूर जाईल, तितका चिमटा त्याला स्प्रिंगसारखा मागे खेचतो. साधारण ६ पिकोन्यूटन (अतिसूक्ष्म बळ मोजायचं एकक) ओढ झाली की कायनेसिन अडतो. बळ गुणिले अंतर केलं, तर एका पावलाला खर्च होणाऱ्या एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, एका रेणूतली जवळजवळ निम्मी ऊर्जा कामी आलेली दिसते. पेट्रोलच्या इंजिनाला एवढं सहसा जमत नाही.

मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. पाण्याचे रेणू कायनेसिनला चहूबाजूंनी सतत धडका देत असतात. मोकळा पाय पुढची वीट चाचपडत शोधतो, तो याच धडकांच्या जोरावर. एटीपी त्या गोंधळाला फक्त दिशा देतं. वादळाशी झुंजायचं सोडून हा रेणू वादळालाच कामाला जुंपतो, सेकंदाला शंभरेक पावलं टाकत.

कायनेसिनच्या एका जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत पाय हळूहळू ताठरतात, कमजोर होतात. पहिली झळ बसते ती सर्वांत लांब तंतूंना.