माणसाचा हात लागला म्हणून बकरी पिल्लू टाकत नाही

वऱ्हाडात समज पक्का आहे: नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला, की माय त्याला घेत नाही. पण दोष हाताचा नाही. वास धुतला जातो किंवा वेळ निघून जाते, तिथे बिघडतं.

विताना गर्भमार्ग ताणला जातो आणि मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (शरीरातलं निरोप्या रसायन) सुटतं. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की त्याच वेळी मेंदूतल्या वासाच्या केंद्रात नॉरॲड्रेनालिन हे दुसरं रसायन वाढतं आणि त्या एका पिल्लाचा वास तिथे ठसतो. बकरीला ओलं पिल्लू चाटायला ५ मिनिटं मिळाली तरी ओळख पटू शकते. जन्मताच तासभर दूर नेलं, तर ती बरेचदा ढुशी मारते.

म्हणून नाकातोंडातला चिकटा तेवढा पुसा आणि पिल्लू तिच्या तोंडापुढे ठेवा. साबण, फिनाईल अजिबात नको. नाळेला टिंचर आयोडीन लावा. तासाभरात चीक पाजायला लागा; २ किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात निदान २०० मिली, थोडाथोडा.

पोरकं पिल्लू दुसरीला लावायचं असेल, तर ती विताच तिचं गर्भजल त्याच्या डोक्याला, पाठीला, शेपटीखाली चोळा. हातमोजे मात्र घालाच, त्या पाण्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य आजार माणसाला होऊ शकतो.