क्रूझ सेट होत नाही? आधी ब्रेकलाइट बघा

समृद्धीवर गाडी घातली की मी क्रूझ (ठरवलेला वेग गाडीने आपोआप धरून ठेवायची सोय) लावतो, ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२० ची लिमिट, आणि एवढा वेळ ॲक्सिलरेटरवर एकाच जागी पाय धरून गुडघा भरून येतो. मागच्या ट्रिपला मात्र मीटरवर क्रूझचं चिन्ह यायचं पण सेट दाबलं की काहीच नाही. गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, म्हणून गॅरेजवाल्याने स्टिअरिंगवरची बटणं बदलायला सांगितली. दोष निघाला ब्रेक पेडलच्या वर.

तिथे एक छोटा स्विच असतो, पेडल मोकळं असताना त्याची दांडी पेडलला टेकून आत दाबलेली असते. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन कॉन्टॅक्ट असतात आणि ते उलटे चालतात, म्हणजे पेडल दाबलं की एक जुळतो आणि ब्रेकलाइट लागतात, त्याच वेळी दुसरा तुटतो आणि त्यावरून इसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतं की क्रूझ सोडायची. ही रचना मला फार आवडते कारण त्या दुसऱ्या कॉन्टॅक्टची वायर तुटली तरी इसीएमला ते ब्रेक दाबल्यासारखंच दिसतं, म्हणजे बिघाड झाला तर क्रूझ सुटते, अडकून राहत नाही. दोन्ही सिग्नल एकमेकांशी जुळले नाहीत की पी ०५०४ कोड येतो, सर्किटमध्ये गडबड असेल तर पी ०५७१.

मग माझ्याकडे कोड का नव्हता? कारण दोन्ही सिग्नल एकच सांगत होते, ब्रेक दाबलाय! पेडलवर जिथे स्विचची दांडी टेकते तिथे प्लास्टिकचं एक बटणासारखं स्टॉपर असतं, ते जुनं होऊन भुगा झालं होतं आणि दांडी रिकाम्या भोकातून बाहेर आली होती. तुकडे मॅटवरच पडलेले. त्याच आठवड्यात दोनदा बॅटरी उतरली होती ती पण यामुळेच, चावी काढली तरी मागचे दिवे जळतच होते.

तुमच्याकडे असं झालं तर रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि पेडल हळूहळू दाबून सोडून भिंतीवरचा लाल उजेड बघा. उजेड नीट येतजात असला तरी स्विचला लगेच क्लीन चिट देऊ नका, दुसरा कॉन्टॅक्ट खराब असू शकतो. त्यासाठी स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडायचा आणि पेडल दाबताना दोन्ही सिग्नल एकदमच बदलतात का ते बघायचं. एक जागचा हलला नाही तर कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा, आणि वायर हलवूनही बघा, कारण खड्ड्यातच क्रूझ सुटत असेल तर बहुतेक कनेक्टर सैल असतो. क्रूझ चालावी म्हणून वायर डायरेक्ट जोडून द्यायला कुणी तयार असेल तर कृपया नाही म्हणा, मग ब्रेक मारल्यावर क्रूझ सुटेल याची खात्रीच राहत नाही.

माझं काम नव्या स्टॉपरवर भागलं, स्विचसुद्धा बदलावा लागला नाही. पण त्याआधी किती किलोमीटर माझे ब्रेकलाइट सतत पेटलेले होते आणि मी खरंच ब्रेक मारला तेव्हा मागच्याला काही कळलंच नसेल, हे आठवलं की अजून धस्स होतं.