लेकर्सच्या सेंटरांची क्रमवारी

लॉस एंजेलिस लेकर्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाकडून सेंटरच्या जागी खेळलेल्यांची श्रेष्ठतेनुसार लावलेली क्रमवारी. सेंटर हा बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू. बास्केटजवळ राहून गुण मिळवणे, रिबाउंड घेणे (हुकलेल्या शॉटनंतर उसळलेला चेंडू पकडणे) आणि समोरच्याचे शॉट अडवणे ही त्याची कामे. या संघाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. लेकर्सच्या 17 विजेतेपदांपैकी 14 विजेतेपदांच्या वेळी बास्केटखाली चौघांपैकी कोणी ना कोणी होता : जॉर्ज मायकन, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार आणि शकील ओ'नील.

क्रम लावताना पहिला पेच येतो तो चेंबरलेनपाशी. एका सामन्यात 100 गुण करण्याचा त्याचा विक्रम 1962 सालचा, फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळतानाचा. लेकर्सकडे तो 1968 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी आला आणि पाच हंगाम खेळला. संघाची क्रमवारी लावायची तर त्या संघाच्या जर्सीतले कर्तृत्वच मोजले पाहिजे. नाहीतर ती सगळ्या लीगची यादी होते. मात्र या निकषानेही चेंबरलेन लहान ठरत नाही. पाचपैकी चार हंगामांत तो लीगमध्ये रिबाउंडमध्ये पहिला होता. 1971-72 मध्ये संघाने सलग 33 सामने जिंकले आणि मिनीॲपोलिसहून लॉस एंजेलिसला आल्यानंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. त्यासाठी त्याने स्वतःचे गुण कमी करून बचावाला वाहून घेतले होते. ब्लॉक केलेल्या शॉटची अधिकृत मोजणी 1973-74 पासून सुरू झाली आणि तो 1973 मध्येच थांबला. त्याचे सर्वांत मोठे काम आकड्यांत उतरलेलेच नाही, हे क्रम लावणाऱ्याने विसरू नये.

पहिले स्थान अब्दुल-जब्बारचे. 1975 मध्ये मिलवॉकीहून आल्यावर तो 14 हंगाम खेळला. पाच विजेतेपदे, तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान आणि 24,176 गुण एवढी कमाई एकट्या लेकर्सकडची. त्याचा 'स्कायहूक' म्हणजे बास्केटकडे खांदा करून, हात पूर्ण ताणून डोक्यावरून सोडलेला शॉट. चेंडू आणि बचाव करणारा यांच्यामध्ये त्याचे सगळे शरीर असे, त्यामुळे तो अडवणे जवळजवळ अशक्य होते. 1985 च्या अंतिम मालिकेत बॉस्टनने पहिला सामना 148-114 असा जिंकला, तेव्हा 38 वर्षांचा करीम संपला अशी चर्चा झाली. पुढच्याच सामन्यात त्याने 30 गुण आणि 17 रिबाउंड घेतले. मालिका लेकर्सने जिंकली आणि मालिकेचा मानकरी तोच ठरला.

दुसऱ्या स्थानासाठी ओ'नील आणि मायकन यांच्यात खरी चुरस आहे. ओ'नीलने 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवून दिली आणि तिन्ही वेळा अंतिम मालिकेचा मानकरी तोच होता. 2000 च्या अंतिम मालिकेत त्याची सरासरी 38 गुणांची होती. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा शॉट, मात्र त्याला कधीच नीट जमले नाहीत. म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाउल करत.

मायकन खेळला तो संघ मिनीॲपोलिसमध्ये असताना. 1949 ते 1954 या काळात पाच विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. आजच्या खेळाडूंपुढे तो टिकला नसता म्हणून त्याला खाली ढकलले जाते. हा न्याय पटत नाही. त्याला बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी लीगने 1951 मध्ये बास्केटखालचा पट्टा, ज्यात हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, 6 फुटांवरून 12 फूट रुंद केला. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेनने त्याच्या धास्तीने चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि सामना 19-18 असा जिंकला. लेकर्सच्या 18 गुणांपैकी 15 मायकनचे. अशा वेळकाढू सामन्यांमुळेच 1954 मध्ये शॉट घेण्यासाठी 24 सेकंदांची मर्यादा आली. ज्याच्यासाठी मैदानाची आखणी बदलावी लागली त्याला दुसरे स्थान देणे योग्य. ओ'नील तिसरा, चेंबरलेन चौथा.

यांच्यानंतर एकदम मोठी दरी आहे. पाउ गॅसोल (2009 व 2010 ची विजेतेपदे) आणि अँथनी डेव्हिस (2020) हे थोर खेळाडू, पण दोघेही बराच काळ सेंटरऐवजी त्याच्या जोडीला खेळणाऱ्या पॉवर फॉरवर्डच्या जागी खेळले. व्लादे दिवात्स उत्तम पास देणारा होता; 1996 मध्ये त्याच्या बदल्यात कोबी ब्रायंट संघात आला.

एक नोंद कोणत्याच क्रमवारीत बसत नाही. 16 मे 1980 रोजी फिलाडेल्फियात झालेल्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्याला घोटा दुखावलेला करीम येऊ शकला नाही. सुरुवातीच्या जंप बॉलसाठी (वर फेकलेल्या चेंडूसाठी दोघांनी उडी मारून सामना सुरू होतो) सेंटर म्हणून उभा राहिला 20 वर्षांचा मॅजिक जॉन्सन, जो एरवी गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू पुढे नेणारा, म्हणून खेळे. त्याने 42 गुण केले, 15 रिबाउंड घेतले आणि विजेतेपद त्याच रात्री लेकर्सकडे आले.