राँग साइडने सायकल सेफ? अजिबात नाही
समोरून येणारी गाडी दिसते म्हणून सायकल राँग साइडने चालवावी, असं अजूनही कितीतरी आईवडील पोरांना सांगतात, प्लीज नका सांगू. तो सल्ला चालणाऱ्यांसाठी आहे, फुटपाथ नसेल तिथे, कारण चालणारा पटकन बाजूला होतो, सायकल जागच्या जागी सरकत नाही. गाडी ५० च्या स्पीडने आणि सायकल १५ ने असेल तर मागून येताना फरक ३५ चा, समोरासमोर थेट ६५, ब्रेक मारायला वेळच उरत नाही ना. आणि खरी भीती गल्लीच्या तोंडाशी, डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघत बघतच बोनेट बाहेर काढतो, तुम्ही येताय त्याच्या डावीकडून, दिसणार कसे? डाव्या बाजूनेच चालवा, फक्त पार्क केलेल्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवून.