लसीतील नॅनोकण

लसीमुळे शरीरात निर्माण होणारा प्रतिकार बळकट व्हावा म्हणून वापरले जाणारे, साधारणपणे २० ते २०० नॅनोमीटर आकाराचे कण. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. काही लशींत हे कण प्रतिजन, म्हणजे ज्याला ओळखून शरीर प्रतिकार करते तो जंतूचा भाग, वाहून नेतात, काहींत प्रतिजन स्वतःच कणाचे रूप घेतो, तर काहींत कण नुसता साहाय्यक (ॲडज्युव्हंट), म्हणजे प्रतिकार वाढवणारा जोडीदार, म्हणून सोबत असतो.

पूर्वीच्या अनेक लशींत अख्खा मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू असे आणि शरीर त्याची दखल लगेच घेई. पुढे जंतूचे एखादे शुद्ध प्रथिनच टोचणे शक्य झाले. लस सुरक्षित झाली खरी, पण सुटे प्रथिन शरीराला धोक्याचे वाटत नाही आणि प्रतिकार क्षीण राहतो. यावरचा पहिला टिकाऊ तोडगा तुरटीचा. १९२६ मध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाचे निर्विष केलेले विष तुरटीने साकळवून टोचले आणि प्रतिकार वाढलेला दिसला. पाणी निवळायला वापरतात तीच ही तुरटी. तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार आजही अनेक लशींत आहेत.

कणाचा आकार महत्त्वाचा का, हा या विषयाचा गाभा आहे. टोचलेले सुटे प्रथिन इतके लहान असते की ते सहज रक्तात निघून जाते. फार मोठा कण टोचल्या जागीच अडकतो आणि पेशींनी उचलून नेला तरच पुढे सरकतो. मधल्या मापाचा कण लसीका (लिम्फ) या शरीरद्रवाच्या प्रवाहातून थेट लसीका ग्रंथीत पोचतो, आणि प्रतिकाराची खरी तयारी तिथेच होते. दुसरी गोष्ट मांडणीची. विषाणूच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. कणावर प्रतिजन तसेच मांडले, तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशीचे अनेक ग्राहक (रिसेप्टर) एकाच वेळी त्याला जोडले जातात आणि ती पेशी जोमाने कामाला लागते. सुट्या रेणूला हे जमत नाही. रेणू तोच, नुसती मांडणी बदलल्याने एवढा फरक पडावा, ही प्रतिकारशास्त्रातली फार सुंदर गोष्ट आहे. शिवाय प्रतिजन आणि उत्तेजक द्रव्य एकाच कणात असले की दोन्ही एकाच पेशीत जातात.

हेपटायटिस-बीची लस हे याचे जुने उदाहरण. यीस्टमध्ये तयार केलेले पृष्ठप्रथिन आपोआप सुमारे २२ नॅनोमीटरच्या गोळ्यांत जुळते. १९८६ मध्ये या पद्धतीच्या लशीला मान्यता मिळाली, तेव्हा नॅनो हा शब्द घरोघरी पोचलेला नव्हता. कोविडच्या एमआरएनए लशींत विषाणूचे प्रथिन कसे बनवायचे याचा संदेश मेदकणात (स्निग्ध पदार्थाच्या कणात) गुंडाळलेला असतो. ते वेष्टण केवळ वाहन नसून प्रतिकारालाही चेतवते. मॅट्रिक्स-एम या साहाय्यकामध्ये चिलीतल्या एका झाडाच्या सालीतले, आपल्या रिठ्यासारखा फेस करणारे सॅपोनिन कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडसोबत सुमारे ४० नॅनोमीटरच्या कणांत बांधतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर२१ या मलेरियाच्या लशीत ते आहे. तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. त्या लशीतला मलेरियाचा तुकडाही हेपटायटिस-बीच्या पृष्ठप्रथिनाच्या कणावरच बसवलेला आहे.

पीएलजीए हा बहुलक (पॉलिमर) शरीरात हळूहळू विरघळतो. शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांचे काही धागे याच जातीचे असतात. त्याच्या कणातून प्रतिजन बरेच दिवस झिरपत राहते, म्हणून कमी डोसांत भागेल अशी आशा त्यावर आहे. संशोधन बरेच झाले असले तरी पीएलजीएवर आधारित लशी अजून सर्रास वापरात नाहीत.

बडोद्यात या विषयाचा धागा औषधनिर्माणशास्त्राकडून येतो. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिथल्याच त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक या औषधकंपनीचा पाया घातला. कलाभवनातून पुढे १९४९ च्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली आणि औषधनिर्माणशास्त्र विभाग अनेक वर्षे त्याच शाखेत होता. लायपोसोम (मेदाच्या पोकळ गोळ्या) आणि बहुलकांचे कण यांतून औषध हव्या त्या जागी पोचवण्यावर या विभागात दीर्घकाळ काम झाले आहे. ते मुख्यतः औषधवहनाचे आहे, लशींचे नव्हे. पण कण कसा घडवायचा, त्याचा आकार आणि पृष्ठभागावरचा विद्युतभार कसा मोजायचा, तो साठवणीत एकमेकांना चिकटू नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि प्रयोगशाळेत इंग्रजी बोलणाऱ्या इथल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हा विषय आपल्या भाषेतही नीट मांडलेला असायला हवा.

साहाय्यकाने प्रतिकार वाढतो तशी दंड दुखणे, कणकण, ताप ही लक्षणेही वाढू शकतात. मेदकणांतल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची तीव्र ॲलर्जी क्वचित कुणाला होते, म्हणून लस घेतल्यावर थोडा वेळ थांबवून ठेवतात.

साठवणीत उन्हाळ्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण ॲल्युमिनियमयुक्त लशींना गोठण्याचाही तेवढाच धोका आहे. म्हणून त्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. गोठल्यावर कणांचे गठ्ठे बनतात आणि वितळल्यावरही ते पूर्ववत होत नाहीत. शंका आल्यास आरोग्यसेविका संशयित कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच लशीची कुपी सोबत हलवून ठेवतात. संशयित कुपीतला साका दुसरीइतक्याच वेगाने तळाशी बसला, तर ती लस टोचत नाहीत.